पाहुण्यांनी सांगितलेलं गीत

“छोट्याला सांग, आज तरी कोट घालून ये म्हणावं,” दादा फोनवर म्हणाला. “मुलाकडची माणसं येणारेत.”

मेट्रनने फोन ठेवला आणि धाकट्या भावाला लावला.

“त्याला सांग, कोट माझा, खांदे माझे. काय घालायचं ते मी ठरवीन,” छोट्या म्हणाला. “आणि हेही सांग, की पाहुण्यांना त्याच्या घड्याळाची वेळ दिली असेल तर बिचारे पाळकसाहेबांच्याही आधी येऊन बसतील.”

मेट्रनने दादाला परत फोन केला नाही. उभा जन्म हॉस्पिटलात काढल्यावर कुठलं औषध रोग्यापर्यंत पोचवायचं आणि कुठलं बेसिनमध्ये ओतायचं, एवढं तिला कळत होतं. निवृत्त होऊनही चर्चची अख्खी मंडळी तिला मेट्रनच म्हणायची. भावांनी मात्र तिला बढती देऊन टपाल खात्यात घेतलं होतं.

कारण एकच, बाबांच्या अंत्यविधीतलं ते गीत. बाबा या चर्चचे जुने गायनप्रमुख. दादाला गायला आणि छोट्याला ऑर्गन वाजवायला त्यांनीच शिकवलं, आणि ‘पैलतीरी दिवा दिसे’ हे त्यांचं सर्वांत लाडकं गीत. तेव्हा ते गेले त्या दिवशी दादा शवपेटीजवळ उभा राहून तेच म्हणत होता, आणि छोट्या ऑर्गनवर होता. दादाचा धंदा घड्याळांचा. दुकानातली झाडून सगळी घड्याळं एकाच क्षणी ठोके देतात, तेव्हा त्याला देव असल्याची खात्री पटते. छोट्या वाद्यं दुरुस्त करतो, आणि एक सूर पुरता विरून जाण्याआधी दुसऱ्याला हात लावणं हा त्याच्या लेखी उतावळेपणा. व्हायचं तेच झालं. दादाचं गीत संपलं तेव्हा छोट्याचं एक अख्खं कडवं शिल्लक होतं. निम्मी मंडळी आमेन म्हणून मोकळी झाली, निम्मी गातच राहिली. पेटी उचलणाऱ्यांना कुणाच्या आमेनवर चालायचं ते कळेना, आणि बाबा मधल्या वाटेत, वेदीपासून लांब आणि दारापासूनही लांब, तसेच ताटकळले. हयातीत ते कधी कुठे खोळंबले नव्हते.

याने मुद्दाम रेंगाळत वाजवलं, असं दादाचं म्हणणं. त्याने बापाला घाईघाईने वाटेला लावलं, असं छोट्याचं. त्याला आता सात वर्षं झाली. तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता. छोट्याने चर्चमध्ये वाजवणं सोडलं, दादाने गायनप्रमुखपद सोडलं नाही, आणि बाबांचा बाक दोघांनीही सोडला नाही. दर रविवारी एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला छोट्या, आणि मध्ये बफर स्टेट म्हणून मेट्रन. राहिलं गीत. उगीच कशाला विषय, म्हणून मंडळीने ते गाणंच बंद केलं.

चर्चच्या आवारात चिमणी वाटच बघत होती. चिमणी म्हणजे दादाची मुलगी, दातांची डॉक्टर. तिच्या खुर्चीत बसलं की भलेभले तोंड उघडतात, पण घरातल्या दोन माणसांची बत्तीशी मात्र तिला एकमेकांसमोर उघडता आलेली नव्हती.

“आत्या, बोललीस काकाशी?”

“बोलले.”

“मग? वाजवणार लग्नात?”

“म्हणाला, तुझ्या बापाने स्वतः येऊन सांगावं.”

“आणि पप्पा म्हणतात, त्याने आधी माफी मागावी.” चिमणीने कपाळाला हात लावला. “दोघंही ऑर्गनपेक्षा जुने झालेत गं! लहानपणी मी काका वाजवत असताना खाली बसून त्याच्या पायांना गुदगुल्या करायचे. तो हसायचा, पण सूर हलायचा नाही. मला त्याच्याच वाजवण्यावर चालत यायचंय. ती बँकवाली बाई वाजवणार असेल तर मी सरळ रजिस्टर कचेरीत जाऊन सही करून येते.”

बँकवाली बाई स्वभावाने देवमाणूस. छोट्या उठून गेल्यापासून ती इलेक्ट्रिक कीबोर्ड वाजवत होती आणि त्याबद्दल कुणी तिला बोल लावत नव्हतं. अडचण एका बटणाची होती. त्याला चुकून कोपर लागलं की ढोल आणि झांजा आपोआप सुरू व्हायच्या. मागच्या महिन्यात पाळकसाहेबांच्या जुळ्यांचा बाप्तिस्मा होता, तेव्हाही तसंच झालं. जुळ्यांपैकी एक रडायचं थांबलं, एवढाच काय तो फायदा.

तेवढ्यात वहिनी आली, म्हणजे दादाची बायको. तिच्या साडीच्या निऱ्यांपासून ते भुवयांपर्यंत सगळं ताणलेलं होतं.

“हे बघा, मुलाची आजी आलीय,” ती कुजबुजली. “मुख्याध्यापिका होती. बाई साधी नाही. एका नातवाची सोयरीक म्हणे तिने मोडली, मुलीचे काका आपसांत बोलत नव्हते म्हणून.”

“हे तुला कुणी सांगितलं?” मेट्रनने विचारलं.

“ऐकलं मी.”

“कुणाकडून?”

“वन्सं, आत्ता तपशिलात जाऊ नका! आजीला ताकास तूर लागता कामा नये, बस्स. तुम्ही छोट्या भावजींना सांभाळा. गीताची काळजी नको, ते मी बघितलंय.”

गीताची काळजी करण्यासारखी होती. या चर्चची जुनी रीत अशी, की पाहुणे आले की त्यांच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने एक गीत सांगायचं, पहिली ओळ त्यानेच धरायची, आणि मग मंडळीने त्याच्यामागून जायचं. पाहुणा गाईल ती चाल, पाहुणा घेईल ती गती. मध्येच कुणी त्याला ओव्हरटेक करायचं नाही. कधी काळी एका पाळकाने ही रीत प्रेमाने घालून दिली होती. तो पाळक स्वतः उत्तम गायचा, हे रीत पाळणारे विसरून गेले होते.

“जावयाला सांगून ठेवलंय,” वहिनी म्हणाली. “मेंढपाळाचं गीत. आजीकडून तीनदा वदवून घेतलंय त्याने.”

उपासनेला सुरुवात झाली तेव्हा सेवकाने पाहुण्यांना पुढच्या बाकावर नेलं. आजी मात्र तिथे बसेना. पुढे बसलं की मागे कोण काय करतं ते दिसत नाही, असं तिने खणखणीत आवाजात सांगितलं, आणि काठी टेकत आली ती थेट मेट्रन आणि छोट्याच्या मधल्या रिकाम्या जागेत. सात वर्षांत त्या जागेत कुणी हातरुमालसुद्धा ठेवला नव्हता. छोट्या अंग चोरून बसला. कोट त्याने घातला नव्हता, पण स्वेटर नवा होता. मेट्रनने मनातल्या मनात त्याला पास केलं.

पाळकसाहेबांनी घडामोडी वाचायला घेतल्या. वयाने लहान आणि उत्साहाने मोठा असा हा माणूस. घडामोडी सांगताना तो इतका खुश व्हायचा, की छत गळतंय हेदेखील शुभवर्तमान वाटावं. छताची दुरुस्ती झाली होती आणि आता ते दुसरीकडे गळत होतं. घंटेला नवा दोर आला होता, जुन्या दोराचं काय करायचं यावर वडीलमंडळाची बैठक बुधवारी होती. रंगाऱ्याने खिडकीवरच्या देवदूताचा एक पंख रंगवला होता आणि दुसऱ्या पंखाच्या वेळी तो गावाला गेला होता, तरी मंडळीने त्याच्यासाठी आणि पंखासाठी प्रार्थना करावी. जुने पोस्टमास्तर ऑपरेशन होऊन घरी आले होते, आणि ते बरे असल्याची खूण म्हणजे त्यांनी हॉस्पिटलच्या चहाबद्दल तक्रार केली होती.

“आणि आता आनंदाची गोष्ट,” पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी चिमणीच्या लग्नाची पहिली पुकार केली. अशा पुकारी तीन रविवार करायच्या, म्हणजे लग्नाला कुणाची हरकत असली तर वेळेवर कळते. “या विवाहाला कुणाची काही हरकत असेल, तर त्यांनी आत्ता सांगावं.”

चर्च चिडीचूप. आणि त्या शांततेत छोट्याने घसा खाकरला.

वहिनीने मेट्रनचा हात धरला. दादा अर्धवट उठला. पुढच्या बाकावरून जावयाने मान वळवली. छोट्याने खिशातून एक गोळी काढली, तोंडात टाकली आणि सगळे आपल्याकडे का बघतायत म्हणून मागे वळून बघितलं.

“घसा धरलाय,” तो आजीला म्हणाला.

“सुंठ खात जा,” आजी म्हणाली.

मग पाहुण्यांचं स्वागत झालं. पाळकसाहेबांनी आजीला गीत सांगायची विनंती केली. आजी उभी राहिली. शाळा भरल्यासारखी सगळ्या चर्चवर नजर फिरवली.

“मेंढपाळाचं गीत सांग, असं मला घरून सांगून ठेवलंय,” ती म्हणाली. “तीनदा. पण उत्तर आधीच कानात सांगितलं की मला कॉपीचा वास येतो. तेव्हा ते नको. आपण ‘पैलतीरी दिवा दिसे’ म्हणू या.”

वहिनीच्या तोंडून ‘देवा’ एवढाच शब्द निघाला. चर्च असल्याने तो कुणाला वावगा वाटला नाही. पानं उलटल्याचा आवाज झाला आणि थांबला. दादाच्या कानाची पाळी लाल झालेली मेट्रनला बाकाच्या मधूनही दिसली. छोट्या गुडघ्यांकडे बघत होता. आता दोघांपैकी एक उठून जाणार, मेट्रनने ओळखलं. प्रश्न फक्त कोण आधी जाणार हा होता, आणि त्यावरून पुढची सात वर्षं निघाली असती.

पण कुणाला उठायला सवड मिळालीच नाही. आजीने गायला सुरुवात केली होती.

आजीचा आवाज मोठा होता, त्याबद्दल दुमत नाही. पहिली ओळ तिने जिन्यावरून कपाट चढवावं तशी नेली. एक पायरी, थांबा, श्वास घ्या, दुसरी पायरी. दुसऱ्या ओळीला तेच कपाट हातातून सुटलं. मंडळी रीतीला बांधलेली. ती बिचारी आधी कपाटामागून धापा टाकत चढली आणि मग गडगडत खाली आली. सुराचं म्हणाल तर आजी कुठल्याही एका पट्टीवर अन्याय करत नव्हती, सगळ्या पट्ट्यांना थोडाथोडा वेळ देत होती. बँकवाल्या बाईने तिला गाठायची शर्थ केली, आणि त्या गडबडीत व्हायचं तेच झालं. कोपर लागलं. ढोल सुरू झाला. मागून झांजा.

दादा बाकाच्या टोकाशी उभा राहून हाताने ताल द्यायला लागला. आजीचा ताल त्याच्या हाताखालून निसटला, पुन्हा वर आला, पुन्हा निसटला. बाबांचं गीत. दादाने छताकडे बघितलं, वेदीकडे बघितलं, आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. छोट्याने दोन्ही कानांवर हात ठेवले होते आणि तो एखाद्या दात काढायला आलेल्या माणसासारखा डोलत होता.

आजीने दुसऱ्या कडव्याला हात घातला.

“छोट्या!” दादा ओरडला. गीत चालू असताना, सगळ्यांसमोर, मेट्रनच्या डोक्यावरून. “अरे बघतोस काय? धर तिला!”

“कुठे धरू? सूर कुठला?”

“तिचा कुठलाच नाही! आपला घे!”

“ढोल बंद कर आधी तो!”

“करतो. तू ऊठ!”

छोट्या उठला. आजीच्या काठीला, मेट्रनच्या पायांना आणि वहिनीच्या निऱ्यांना अडखळत तो दादाच्या टोकाकडच्या भिंतीशी गेला आणि त्याने ऑर्गनचं झाकण उघडलं. धुळीचा कण नव्हता. वाजवणार नाही म्हटलं तरी दर महिन्याला येऊन तो ऑर्गनची देखभाल करून जायचा. मरू देणार नाही, असं त्याचं तेवढंच म्हणणं होतं. दोन्ही पायांनी भाता मारत त्याने पहिला सूर धरला, रुंद आणि खोल, आणि आजीच्या खाली तो गादीसारखा पसरून दिला. दादाने भिंतीतला प्लग उपटला. ढोल गप्प झाला. बँकवाल्या बाईने तळहाताला तळहात लावून देवाचे आभार मानले, आणि दादा ऑर्गनच्या बाजूला जाऊन गायला लागला.

तिसरं कडवं मेट्रनने डोळे उघडे ठेवून ऐकलं, कारण बघण्यासारखंही होतं. दादा जरा थांबत होता. छोट्या जरा उचलत होता. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. दोघांमध्ये एवढीशी जरी फट पडली असती, तरी आजी त्यातून निसटून पुन्हा जिन्यावर गेली असती. तेव्हा दोघांनी फटच पडू दिली नाही. एकाची नजर दुसऱ्याच्या हातावर, दुसऱ्याची याच्या छातीवर, श्वास कधी घेतो त्यावर. मागच्या बाकांवरून आवाज चढायला लागले. जुने पोस्टमास्तर टाके पडलेलं पोट धरून गात होते. चौथं कडवं संपलं, आणि सगळ्या चर्चने मिळून एकच आमेन म्हटलं.

थोड्या वेळाने आजीचंही झालं.

उपासनेनंतर हॉलमध्ये चहा आणि केक होता. मंडळीत बातमी पसरायला हॉल लागतच नाही, तरी लोक तिथे जमले होते आणि दोन भावांकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत होते. भाऊ एकाच टेबलाशी उभे होते, कारण साखर तिथेच होती.

वहिनी आजीपुढे केकची बशी धरून म्हणाली, “मगाशी जरा गोंधळ झाला. आमच्याकडे तसं नसतं हं. दोघं भाऊ म्हणजे अगदी राम…” इथे आपण कुठे उभे आहोत हे तिच्या लक्षात आलं. “अगदी जिवाभावाचे.”

“बोलत नव्हते ना?” आजीने विचारलं.

वहिनीच्या हातातली बशी कलली. मेट्रनने ती सरळ केली.

“अहो, एका बाकाच्या दोन टोकांना दोन भाऊ आणि मध्ये नर्स बसवलेली,” आजी म्हणाली. “घरात आजार आहे हे बघणाऱ्याला कळतंच.”

“मग तुम्ही… ती दुसरी सोयरीक…”

“कुठली सोयरीक?”

“नातवाची. काका बोलत नव्हते म्हणून मोडलेली.”

“माझ्या नातवाची सोयरीक मुलीने मोडली. त्याचं गाणं ऐकून. आमच्याकडे सगळेच गातात.” आजी केकचा तुकडा मोडत समाधानाने म्हणाली, “पण तुमच्या मंडळीत काय सुरेख साथ मिळते हो! आमच्याकडे मी सुरू केलं की लोक थांबतात. ठरलं माझं. लग्नात नवरी आत येताना हेच गीत मी म्हणणार.”

“नको!”

हा शब्द साखरेच्या टेबलाकडून आला. दोन तोंडांतून आला, पण ऐकणाऱ्यांना एकच ऐकू आला. कुणीही कुणाच्या पुढे नव्हतं, मागे नव्हतं.

“म्हणजे,” दादा सावरत म्हणाला, “तुम्ही आशीर्वाद द्यायचे.”

“बसून,” छोट्या म्हणाला.

“मग वाजवणार कोण, गाणार कोण?” आजीने विचारलं. मुख्याध्यापिकेचा प्रश्न होता, उत्तर मिळेपर्यंत वर्ग सुटणार नव्हता. चिमणी जावयाच्या बाजूने हळूच पुढे सरकली. कप तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

दादाने सवयीने मान वळवली. “मेट्रन, छोट्याला सांग…”

मेट्रनने समोरचा केकचा तुकडा उचलला आणि अख्खाच्या अख्खा तोंडात कोंबला. गाल फुगवून तिने दादाकडे बघितलं, आणि बोटाने तोंडाकडे खूण केली. टपाल बंद.

दादाने कप ठेवला. पुन्हा उचलला. त्यात चहा नव्हता.

“छोट्या,” तो कपाशीच बोलला. “चिमणीच्या लग्नात वाजवशील?”

छोट्याने चमचा उचलला.

“त्या दिवशी मी घाई केली,” दादा म्हणाला. “बाबांना तसं पेटीत बघवत नव्हतं रे मला. कधी एकदा संपतंय असं झालं होतं.”

छोट्या साखर ढवळत राहिला. कपात साखर घातलेली नव्हती.

“मला संपूच नये असं वाटत होतं,” तो म्हणाला.

मेट्रनच्या तोंडात केक होता ते एका परीने बरं झालं. तिने तो सावकाश चावला.

“मग?” दादा म्हणाला.

“मग काय? वाजवीन. मी काय परका आहे? किती कडवी?”

“तीन.”

“गीत चार कडव्यांचं आहे.”

“नवरी तिसऱ्यातच पोचते वेदीशी.”

“पोचते, कारण तू तिला पळवतोस. सावकाश चालली तर चारही पुरतात.”

“सावकाश म्हणजे किती सावकाश? पाहुण्यांना परत जायचं असतं!”

“तुझ्या दुकानातलं पार्सल आहे का ते? नवरी आहे!”

“आत्या!” चिमणी कासावीस झाली. “हे परत भांडायला लागले!”

मेट्रनने शेवटचा घास गिळला. “भांडू देत. आता माझ्यामार्फत नाही ना भांडत.”

“अगं पण मी चालायचं कसं?”

दोघं भाऊ एकदम तिच्याकडे वळले, जणू ती तिथे आहे हे आत्ताच दिसलं.

“चालून दाखव बघू,” दादा म्हणाला आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरलं.

“चाल, चिमणे. दारापासून,” छोट्या म्हणाला. त्याने डोळे मिटून गुणगुणायला सुरुवातसुद्धा केली.

खुर्च्या सरकवून लोकांनी वाट केली. जुने पोस्टमास्तर दारात उभे राहून दार कुठे आहे ते दाखवत होते. चिमणी दारापासून निघाली, हातात कप तसाच, ओठ दाबून हसू आवरत. अर्ध्या वाटेत “फार जोरात” आणि “फार हळू” असे दोन हुकूम एकाच वेळी आले, आणि तिने दोन्ही पाळायचा प्रयत्न केल्यामुळे ती काही पावलं नाचल्यासारखी चालली. पाळकसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. तिला दारापर्यंत परत पाठवलं. ती आनंदाने गेली.

ती तिसऱ्यांदा निघाली तेव्हा आजीने बशी बाजूला ठेवली, काठी टेकली, आणि छातीत भरपूर श्वास भरून घेतला.